नाचाला आठवड्याचा एक जोडतास

जानेवारी लागला की जालना जिल्ह्यातल्या मंठा तालुक्यातल्या बहुतेक शाळांत गॅदरिंगची गडबड उडते. वर्गातली दहा-बारा चुणचुणीत मुलं निवडली जातात, मोबाइलवर एखादं गाजलेलं गाणं लावून त्याच्या व्हिडिओबरहुकूम पंधरा दिवस तालीम चालते, तालुक्याहून किंवा जालन्याहून भाड्याने पोशाख येतात, एका संध्याकाळी टाळ्या पडतात आणि सोमवारी शाळा पुन्हा पहिल्यासारखी भरते. निवड न झालेली मुलं सतरंजीवर बसून बघतात. पोशाखाचं भाडं ज्यांच्या घरून निघत नाही अशी मुलं बहुधा त्यांतच असतात. आई-बापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली मुलं तर त्या दिवशी सतरंजीवरही नसतात. या कार्यक्रमात वाईट काही नाही. एका संध्याकाळचा तो आनंद खरा असतो. पण याला नृत्यशिक्षण म्हणता येत नाही, कारण शिक्षण म्हटलं की ते रोजच्या वेळापत्रकात असावं लागतं, सगळ्यांसाठी असावं लागतं आणि कालच्यापुढे आज थोडं सरकावं लागतं.

वंचित वस्त्यांत, तांड्यांवर, आश्रमशाळांत नृत्य शिकवावं असं वाटणारी माणसं कमी नाहीत. जालना आणि छत्रपती संभाजीनगरच्या नृत्यशिक्षिका, गावातले पदवीधर तरुण, धडपडणारे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीतल्या आया, मदत करू पाहणारे उद्योजक अशी कितीतरी नावं घेता येतील. त्यांच्यापैकी जे खरोखर कामाला लागू पाहतात त्यांच्यासाठी हे टिपण आहे. सांगायची गोष्ट एकच आहे: तुम्ही वस्तीत स्टेज नेऊ नका, तास न्या. आठवड्याचा एक जोडतास, वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी, वस्तीला आधीपासून येत असलेल्या नाचापासून सुरू होणारा. बाकीचं सगळं, म्हणजे शिक्षक कोण, पैसा कुठून, परीक्षा कोणती, हे या एका निर्णयातून ठरत जातं.

वस्तीला काय येतं, ते आधी विचारा

मंठ्याला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन परतूर. जिल्ह्याचं गाव साठेक किलोमीटरवर. शास्त्रीय नृत्याच्या गंभीर अध्ययनासाठी मराठवाड्यात ज्या संस्थेचं नाव प्रथम घेतलं जातं, ते १९९६ साली सुरू झालेलं, पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली ओडिसी आणि कथक शिकवणारं महागामी गुरुकुल छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे जालन्याच्याही पुढे साठ किलोमीटर. एवढं अंतर पाहिलं की बाहेरून येणाऱ्याला वाटतं, इथे नृत्याची पाटी कोरी आहे. तिथेच पहिली चूक होते. या तालुक्यात बंजारा समाजाचे तांडे आहेत आणि तांड्यावर होळीला लेंगीचा नाच होतो, श्रावणात तीज होते. मुली दुरडीत गहू पेरतात, नऊ दिवस त्याला पाणी घालतात आणि फेर धरून गाणी म्हणतात. गावात पंचमीचा फेर, झिम्मा आणि फुगडी आहे, दिंडीतली पावली आहे, एकनाथांच्या पैठणपासून पसरलेलं भारुड आहे, संबळावरचा गोंधळ आहे, हलगी आहे, शाळेच्या कपाटात लेझीम आहे. ताल, पदन्यास, गोलातली जागा राखणं, शेजारच्या शरीराचा अंदाज घेऊन आपलं पाऊल टाकणं, हे सगळं मुलांच्या अंगात थोडंफार आलेलं असतं. त्याला अजून कोणी शिक्षण म्हटलेलं नसतं, एवढंच.

म्हणून पहिला महिना शिकवू नका, विचारा. तांड्याचे नायक आणि कारभारी यांना भेटा, पण तेवढ्यावर थांबू नका; तीजेची गाणी म्हाताऱ्या बायकांना पाठ असतात, त्यांच्यापाशी बसा. कोणता नाच कोणत्या महिन्यात होतो, बायकांचा कोणता, पुरुषांचा कोणता, ठेका कशावर धरतात, कोणतं गाणं देवकार्याचं आहे आणि म्हणून वर्गात आणू नये, हे एका वहीत उतरवून घ्या. गाणी बंजाऱ्यांच्या गोरबोलीत असतील तर ती त्याच बोलीत ठेवा. मराठीत फिरवून घेतलीत की मुलाला पहिल्याच दिवशी कळतं की त्याची भाषा या वर्गात चालत नाही. यातल्या दोन जाणत्या बायकांना वर्गात शिकवायला बोलवा आणि त्याचं मानधन द्या. शाल-नारळावर भागवू नका. ज्या वर्गात मुलीची आजी पहिली गुरू असते, त्या वर्गाला घरातून विरोध होणं अवघड असतं.

हा काही भाबडा लोककलाप्रेमाचा मुद्दा नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. भारतीय संगीत-नृत्याच्या अभ्यासात आजही प्रमाण मानल्या जाणाऱ्या या ग्रंथाचा सातवा आणि शेवटचा अध्याय नर्तनाचा आहे, आणि त्यात मार्गी परंपरेबरोबरच देशी, म्हणजे त्या त्या प्रदेशातल्या लोकांत रूढ असलेल्या नृत्यप्रकारांनाही जागा आहे. मराठवाड्याच्या मातीत बसून लिहिणाऱ्या शास्त्रकाराला देशी नाच शास्त्रात घेताना संकोच वाटला नाही. आपणही तो बाळगायचं कारण नाही.

सगळ्यांना, आणि शाळेच्या वेळेत

आता ‘सगळ्यांना’ या शब्दावर जोर का, ते पाहू. वंचित मुलांना नृत्य शिकवण्याच्या दोन वाटा जगभर दिसतात. एका वाटेवर हिरा शोधला जातो. ‘ये बॅले’ हा २०२० साली आलेला चित्रपट ज्यांच्या आयुष्यावर बेतला आहे, ते मुंबई परिसरातले अमिरुद्दीन शाह आणि मनीष चौहान हे कष्टकरी घरांतले मुलगे येहुदा माओर या शिक्षकाच्या हाताखाली बॅले शिकून परदेशापर्यंत पोहोचले. त्यांच्या जिद्दीला सलाम करावा तेवढा थोडा. पण दोन मुलं वर जातात तेव्हा उरलेल्यांचं काय, हे त्या वाटेवर कोणी विचारत नाही. दुसरी वाट न्यूयॉर्कमध्ये जाक दांब्वाज या नामवंत बॅले नर्तकाने १९७६ साली धरली. त्याने नॅशनल डान्स इन्स्टिट्यूट काढली आणि सरकारी शाळांत जाऊन शालेय वेळेतच मुलांना नाच शिकवायला सुरुवात केली. पुढे त्यातला कोण नर्तक होईल, हा प्रश्न त्याने मागे ठेवला. मंठ्यासारख्या तालुक्याला ही दुसरी वाट सोसते. शाळा सुटल्यानंतरचा वर्ग ज्यांना परवडतो त्यांचाच होऊन बसतो. सुटल्यावर मुलीला पाणी भरायचं असतं, धाकट्याला सांभाळायचं असतं, शेवटची एसटी गाठायची असते. शाळेच्या वेळेत घेतलेल्या तासाला मात्र ती हजर असतेच.

कायदाही याच बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरावर असलेल्या शाळेत कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलेलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला ही अभ्यासाबाहेरची गोष्ट मानू नये असं सांगितलं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, एकतिसावं कलम विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचा हक्क प्रत्येक मुलाला देतं. तेव्हा मुख्याध्यापकांकडे जाताना उपकार मागायला चाललो आहोत अशा सुरात जाऊ नका. कलेच्या राखीव तासांपैकी दोन सलग जोडून द्या, एवढंच मागा.

पुराव्याच्या बाबतीत मात्र प्रामाणिक राहा. नाच शिकवला की गणिताचे गुण वाढतात असं देणगीदारांना सांगण्याचा मोह होतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१३ साली एलेन विनर आणि सहकाऱ्यांचा या विषयावरचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. कलाशिक्षणामुळे इतर विषयांतली प्रगती होते याचा भक्कम पुरावा फारच थोड्या ठिकाणी मिळतो, आणि नृत्याच्या बाबतीत तर मुळात अभ्यासच थोडे आहेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कला शिकण्याचं मुख्य समर्थन कलेतूनच यावं, हा त्यांचा निष्कर्ष पटण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा धांडोळा घेतला आणि शरीर-मनाच्या स्वास्थ्याशी कलांचा संबंध दाखवला. तेवढा आधार पुरेसा आहे. खोटं आश्वासन दिलंत तर वर्षअखेरीस चाचणीचे गुण पाहून तुमचा तास बंद होईल.

मुलींच्या बाबतीतही हीच सावधगिरी ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत जालना जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या साधारण एक तृतीयांश स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. नाचाच्या तासाने बालविवाह थांबेल असं म्हणणं धाडसाचं ठरेल. तरी तेराव्या-चौदाव्या वर्षी जिचं शरीर घरात फक्त झाकण्याचा, राखण्याचा आणि कामाला जुंपण्याचा विषय झालेलं असतं, तिला आठवड्यातून ऐंशी मिनिटं ते शरीर शिकण्याचं साधन म्हणून वापरायला मिळतं. पाय कुठे टाकायचा ते ती ठरवते, ताठ उभी राहते, मोकळा श्वास घेते. याचं मोल गुणपत्रिकेत मोजता येत नाही म्हणून ते कमी होत नाही.

तास कधी, कुठे आणि काय

मंठ्याचं नृत्याचं वेळापत्रक उसाच्या पंचांगावर बेतावं लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. लेकरं कधी बरोबर जातात, कधी गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात. जानेवारीतल्या कार्यक्रमाकडे डोळा ठेवून आखलेला अभ्यासक्रम या मुलांना आपोआप वगळतो. म्हणून मुख्य सत्र जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत घ्या. सणवार वगळता पंधराएक जोडतास मिळतात. श्रावणातली तीज आणि पंचमी याच काळात येतात, तेव्हा घरचा नाच आणि शाळेचा नाच एकमेकांना आपोआप भेटतात. दिवाळीनंतर उरलेल्या मुलांचा तास चालू ठेवा, वसतिगृहातल्या मुलांसाठी संध्याकाळी तासभर जा, पण नवं काही शिकवू नका. जुनं घोटून घ्या. एप्रिलमध्ये परतलेली मुलं त्यामुळे मागे पडलेली नसतात.

पंधरा तासांची विभागणी अशी करता येईल. पहिले चार तास चालणं, थांबणं, वळणं, टाळी आणि ठेका यांना द्या. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा पायात उतरला पाहिजे. मात्रा तोंडाने मोजत चालायला लावा. पुढचे पाच तास वस्तीच्या नाचाला: तीजेचा फेर, लेंगी, पावली, लेझीम. त्यानंतर तीन तास कथकाच्या तत्काराची ओळख करून द्या. ता थेई थेई तत हे बोल आधी हातावर म्हणायचे, मग पायांनी वाजवायचे. केरव्याच्या दोन आवर्तनांत तीनतालाच्या सोळा मात्रा मोजता येतात हे मुलांना स्वतःच्या पायांनी कळू द्या. लेंगीचा ठेका आणि तत्कार या दोन वेगळ्या दुनिया नाहीत हे तिथे उमगतं. शेवटचे तीन तास मुलांचे. पाच-सहा जणांच्या गटांनी शिकलेल्या पावलांतून आपली दोन मिनिटांची रचना बांधायची. पेरणी, विहीर, आठवडी बाजार, फड, काहीही विषय घ्या. शिक्षकाने पाऊल सुचवायचं नाही, प्रश्न विचारायचे. नक्कल आणि शिक्षण यांतला फरक या तीन तासांत पडतो.

जागेची फार चिंता नको, पायाची असू द्या. सिमेंटच्या कठीण फरशीवर अनवाणी जोरकस पदन्यास सलग केला की गुडघे आणि पोटऱ्या दुखावतात. चोपून सारवलेलं अंगण उत्तम. ते नसेल तर फरशीवर पावलं हलकी ठेवा, उड्या टाळा. सतरंजीवर नाच नकोच, ती सरकते. तास सकाळचा घ्या. पोषण आहार जेवल्याजेवल्या नको आणि उपाशीपोटीही नको. महाराष्ट्रात किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असतं, हे ध्यानात ठेवा: कोणाला घेरी आली तर ‘नाटक करते’ म्हणू नका, बसवा, पाणी द्या आणि शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या ती घेते का ते पाहा. पोशाख शाळेचाच, ओढणी कमरेला बांधलेली. पहिल्या वर्षी घुंगरू नकोत. एकीकडे आहेत आणि दुसरीकडे नाहीत, एवढ्यानेही वर्ग दुभंगतो. स्पीकरपेक्षा हलगी, डफडं, ढोलकी आणि मुलांचे आवाज बरे. वीज गेली तरी तास चालतो आणि प्रत्येकाला कधी ना कधी ठेका धरायला मिळतो.

शिकवणार कोण, पैसे कुठून

शहरातल्या शिक्षिकेने दर आठवड्याला मंठ्यात येणं फार दिवस टिकत नाही. उत्साह सहा महिने पुरतो, नंतर प्रवास आणि खर्च त्याला गिळतो. म्हणून दोन पातळ्यांची रचना करा. गावातला किंवा तांड्यावरचा, शक्यतो बारावी झालेला, नाचाची जाण असलेला एक तरुण किंवा तरुणी दर आठवड्याचा तास घेईल. शहरातली प्रशिक्षित शिक्षिका महिन्यातून एकदा दोन दिवस येईल. एक दिवस या निदेशकाला शिकवण्याचा, दुसरा दिवस त्याचा तास पाहून दुरुस्त्या सुचवण्याचा. २००४ साली सोहिनी चक्रवर्ती यांनी उभी केलेली ‘कोलकाता संवेद’ ही संस्था अत्याचारातून बाहेर आलेल्या मुलींबरोबर नृत्याच्या माध्यमातून काम करते, आणि तिथे शिकलेल्या मुलीच पुढे प्रशिक्षक होतात. शिकणारा शिकवणारा झाला की काम बाहेरच्या माणसावर अवलंबून राहत नाही.

हिशेबही जमतो. पाचवी ते आठवीचे चार वर्ग धरले तर एका शाळेत आठवड्याला चार जोडतास होतात. ते दोन दिवसांत बसतात. म्हणजे एक निदेशक सहा दिवसांत तीन शाळा सांभाळतो आणि ते त्याचं पोटापाण्याचं काम होऊ शकतं. खर्चाचा मोठा वाटा या मानधनाचाच राहील आणि तसाच राहायला हवा. ध्वनिव्यवस्था, पोशाख, बॅनर यांना पैसे मिळतात आणि शिक्षकाला मिळत नाहीत, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. तुमच्या अंदाजपत्रकात ते उलटं करा. पैशांसाठी शाळेचं वार्षिक अनुदान, ग्रामपंचायत आणि नगर पंचायतीचा निधी, माजी विद्यार्थी या वाटा आहेतच. शिवाय जालना हे पोलाद आणि बियाण्यांच्या उद्योगाचं शहर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि सातव्या परिशिष्टातल्या मान्य कामांत शिक्षण आणि पारंपरिक कलांचं संवर्धन ही दोन्ही आहेत. अर्ज करताना एका वर्षाचा कार्यक्रम मागू नका, तीन वर्षांचं मानधन मागा.

मुलांच्या सुरक्षिततेशी तडजोड नको. प्रत्येक तासाला दोन मोठी माणसं हजर हवीत, त्यांतली एक स्त्री. अंगाला हात लावून दुरुस्ती करायची तर आधी विचारून. शक्यतो स्वतः करून दाखवूनच. फोटो आणि व्हिडिओ पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत. मुलांच्या सुरक्षेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती पहिल्याच बैठकीला बोलवा, आणि १०९८ हा बालमदतीचा क्रमांक वर्गात लिहून ठेवा.

आक्षेप ऐकून घ्या, ते खरे असतात

पहिला आक्षेप पोटाचा. दुष्काळ, पाणी, कर्ज, सहावीत जाऊनही नीट न येणारं वाचन, यात नाच कुठून काढला? आक्षेप गंभीर आहे, आणि वाचनाचा तास कापून नाच घ्या असं कोणी म्हणत असेल तर त्याला विरोधच करावा. पण इथे मागितलेला वेळ कलेच्या राखीव तासांतलाच आहे, आणि आज तो बहुधा रिकामा जातो. शिवाय गरिबाच्या लेकराला आधी पोटभर, मग अक्षर, आणि कला अगदी शेवटी उरली तर, असा क्रम लावला की ती कधीच त्याच्या वाट्याला येत नाही. सुखवस्तू घरातलं लेकरू मात्र तिन्ही गोष्टी एकाच वेळी घेत असतं.

दुसरा आक्षेप सर्वांत खोल आहे, आणि तो अब्रूचा आहे. ‘आमच्या लेकी नाचणार नाहीत’ असं एखाद्या वस्तीत ऐकायला मिळालं तर त्याला मागासलेपणा म्हणू नका. या राज्यात कोल्हाटी, डोंबारी अशा समाजांच्या बायकांना नाच हा जातीने वाट्याला आला. हलगी वाजवणं हे गावकीचं काम म्हणून विशिष्ट जातीवर लादलं गेलं. पोतराजाचा आसूड त्याच्याच पाठीवर पडत राहिला. लोकांच्या करमणुकीसाठी नाचणाऱ्याला तेच लोक दुसऱ्या दिवशी हीन लेखत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अप्रतिष्ठेची कामं टाकून देण्याची हाक दिली, तिला मिळालेल्या प्रतिसादामागे हा अनुभव आहे. त्याच चळवळीने कलेकडे पाठ मात्र फिरवली नाही: आधीच्या सत्यशोधकी जलशांप्रमाणेच भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांत गाणं, सोंग आणि रंगमंच तोच होता, पण कोणासाठी आणि काय सांगायचं ते आता सादर करणारा ठरवत होता. यातून वर्गासाठी दोन कडक नियम निघतात. हा वर्ग पाहुण्यांच्या स्वागताला, मिरवणुकीत, पुढाऱ्याच्या सभेत, लग्नात कधीही नाचणार नाही, मग मागणारा कितीही मोठा असो. आणि हलगी प्रत्येक मूल पाळीपाळीने वाजवेल. ती एकाच वस्तीच्या मुलाच्या हातात जाऊ लागली तर आपण नृत्य शिकवत नसून गावगाडा चालवत आहोत, हे ओळखून तिथेच थांबा.

मुस्लिम घरांतून, वारकरी घरांतून, नव्याने शिकलेल्या मध्यमवर्गीय घरांतूनही वेगवेगळ्या कारणांनी नकार येऊ शकतो. जबरदस्ती नको. त्या मुलाला तासातून बाहेरही काढू नका. ठेका धरणं, बोलांची पढंत, रचनेची कल्पना मांडणं, वही लिहिणं हीदेखील नृत्याची अंगं आहेत. आणि मुलगे ‘हे बायकी आहे’ म्हणत मागे सरले तर लेंगी आणि लेझीम यांपासून सुरुवात करा. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत सांगलीच्या लेझीम पथकाने देशाचं लक्ष वेधलं होतं, हे त्यांना सांगा.

तिसरा आक्षेप दोन बाजूंनी येतो. शास्त्रीयवाले म्हणतात, फेर आणि लेंगी म्हणजे शिक्षण कसलं? चळवळीतले म्हणतात, कथक कशाला, ते आमचं नाही. दोघांनाही उत्तर एकच. सुरुवात घरच्या नाचापासून व्हावी, कारण मुलाला आपण कोऱ्या पाटीचे नाही हे कळायला हवं. आणि शास्त्राचं दार उघडं असावं, कारण ते कोणा एकाच्या मालकीचं नाही. तांड्यावरच्या मुलीने आयुष्यभर लेंगीच करावी असं आपण ठरवणं आणि तिने लेंगी सोडून द्यावी असं ठरवणं, दोन्हीत ठरवणारे आपणच राहतो. दोन्ही तिच्यासमोर ठेवा, निवड तिची.

शेवटी टीव्हीचा प्रश्न. मुंबईच्या ‘व्ही अनबीटेबल’ गटाने २०२० मध्ये अमेरिकेतली मोठी दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकली, आणि तेव्हापासून अनेक वस्त्यांतल्या मुलांना तीच वाट दिसते. त्या स्वप्नाची टर उडवू नका. त्या गटाच्या कसरतींमागे कित्येक वर्षांची रोजची तालीम आणि दुखापतींची जोखीम आहे, हे सांगा. स्पर्धेची हौस असलेल्या मुलांना पायाचा सराव कसा करायचा ते शिकवा. मात्र तुमच्या वर्गाचं यश स्पर्धेवर मोजू देऊ नका.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांच्यासाठी

आठवड्याच्या एका जोडतासातून परीक्षेची तयारी होत नाही, हे पालकांना आधीच सांगा. सहावी-सातवीत ज्यांना गोडी लागेल त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा वेगळा सराव ठेवा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथक आणि भरतनाट्यमच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्यांनी जातात. दरवर्षी एक धरली तरी दहावीपर्यंत तीन-चार होतात. शास्त्रीय नृत्याच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, तसंच लोककलेत प्रावीण्य दाखवणाऱ्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात दहावीला वाढीव गुण मिळतात. मुलगी आठवीत असतानाच त्या वर्षीचा शासन निर्णय वाचा, मान्य संस्थांची यादी पाहा आणि प्रस्तावाची मुदत मुख्याध्यापकांच्या टेबलावर लिहून ठेवा. वंचित मुलांची संधी कलेअभावी जाते त्याहून अधिक वेळा कागदाअभावी जाते. दहा ते चौदा वयासाठी सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यात पारंपरिक कलाकार घराण्यांतल्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत. गोंधळ्याच्या, शाहिराच्या नातवंडांपर्यंत ही माहिती पोहोचवणं हे तुमचं काम. नववीपासून पुढे २०१५ पासून भरणारा कला उत्सव आहे.

वर्षाच्या शेवटी कामाचा हिशेब मांडताना किती कार्यक्रम झाले, किती बक्षिसं आली हे लिहू नका. चार गोष्टी मोजा. पटावरच्या किती मुलांनी निम्म्याहून अधिक तास केले. किती गटांनी स्वतःची रचना पुरी केली. वर्गात आलेल्या जाणत्या बायकांना मानधन वेळेवर मिळालं का. आणि दिवाळीला फडावर गेलेल्यांपैकी किती जण एप्रिलमध्ये परत तासाला आले. पहिल्या तीन आकड्यांतून तुमची मेहनत दिसेल. चौथ्यातून हा तास मुलांना आपला वाटला की नाही, ते कळेल. तो आकडा पहिल्या वर्षी लहान असेल. दुसऱ्या जूनला, पाऊस पडून अंगण चोपलं गेलं की, त्याच मुलांपासून फेर पुन्हा सुरू करा.